नाडीचा रकाना

निवृत्तीला बारा वर्षं झाली तरी सुवार्ता साळवे रोज सकाळी नऊच्या ठोक्याला कामावर बसत. काम घरातच होतं. खिडकीजवळ टेबल, त्यावर आरोग्य खात्याचा टॅब, शेजारी पाण्याचा तांब्या. समोरच्या बाईंनी एकदा विचारलं, की सिस्टर, दिवसभर त्या पाटीत काय बघता? सुवार्तांनी सांगून पाहिलं. जुन्या केसपेपरांतून माहिती वेचून काढते, म्हणाल्या. "म्हणजे गेलेल्यांचेच कागद की," शेजारीण म्हणाली, "त्यांना आता काय औषध देणार?" आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली.

उत्तर होतं, पण ऐकायला कोणी थांबलं नाही.

ते काम असं होतं. खिरवाडीचा मिशन दवाखाना नऊ वर्षांपूर्वी बंद पडला, तेव्हा त्याच्या तळघरात पन्नास वर्षांचे केसपेपर पोत्यांत भरून पडले होते. खात्यानं ते सगळे उचलले आणि एकेका कागदाचा फोटो काढला. फोटोवरचं अक्षर यंत्र वाचतं आणि त्यातून नेमक्या गोष्टी वेचून रकान्यांत घालतं. वय काय, गाव कोणतं, काय झालं होतं, किती तासांनी दवाखान्यात आणलं, कोणतं औषध किती दिलं आणि शेवटी काय झालं. नाव मात्र काळ्या पट्टीखाली झाकलेलं. जिथं यंत्राला खात्री नसते तिथं रकान्याभोवती पिवळी चौकट येते, आणि ती चौकट सोडवायला माणूस लागतो. डॉक्टर वडागळ्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग पावसात सापडलेली. ते वाचणारं जिवंत माणूस एकच उरलं होतं, म्हणून हे काम सुवार्तांकडे आलं.

शिकवताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती. कागदावर आहे तेच घ्यायचं. तुम्हाला काय आठवतं, काय वाटतं, ते घ्यायचं नाही. कागदावर नसेल तर 'नोंद नाही' लिहायचं आणि पुढं जायचं. सुवार्तांना हे पटलं होतं. पस्तीस वर्षं त्यांनी वॉर्डात हेच केलं होतं. निदान तसं त्या स्वतःला सांगत आल्या होत्या.

दुपारी चारला टॅब बाईच्या आवाजात म्हणे, "आज तुम्ही एकशे ऐंशी कागद पाहिलेत. विश्रांती घ्या." कित्येक दिवस असे जात, की घरात तेवढंच बोलणं होई. लग्न त्यांनी केलं नव्हतं. भाऊ नगरला होता, तोही गेला. रविवारी सुवार्ता चर्चमधून आल्या, की मात्र चांगुणा यायची. चांगुणा धिंदळे, दवाखान्यात छत्तीस वर्षं आया होती. दोघींची ड्यूटी एकत्र, म्हातारपणही एकत्र. चांगुणा आली की आधी भांड्यांवर तोंडसुख घ्यायची, "हा चहाचा टोप का डांबराचा?" आणि मग संध्याकाळपर्यंत उठायची नाही. आठवड्याचे सहा दिवस सुवार्ता त्या सातव्याच्या आधारावर काढत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्पदंशाचा गठ्ठा आला.

या गठ्ठ्याला घाई होती. त्याचं कारण तालुक्यातल्या प्रत्येक उपकेंद्रावर बसवलेला विषदर्शक. पुस्तकाएवढं ते यंत्र. साप चावलेल्या माणसाच्या रक्ताचा थेंब त्याच्या पट्टीवर ठेवायचा, सुजेचा फोटो दाखवायचा, वजन आणि चावून किती तास झाले ते सांगायचं. यंत्र रक्त गोठतंय का ते पाहतं आणि सांगतं, विषावरच्या लसीच्या इतक्या कुप्या द्या. डोंगरातल्या उपकेंद्रावर डॉक्टर नसतो, एकटी नर्स असते. तिला हे यंत्र म्हणजे शेजारी उभा असलेला जाणता माणूस. पण यंत्राला जाण कुठून येते? मागे हजारो माणसांना काय दिलं आणि त्यांचं काय झालं, त्यातून. शहरातल्या मोठ्या दवाखान्यांचे कागद त्याला पुष्कळ मिळाले होते. डोंगरातून झोळीत घालून, सहा-सहा तास उशिरा आणलेल्या माणसांचे कागद मात्र फक्त खिरवाडीसारख्या ठिकाणीच होते. त्या कागदांची वेचणी झाली की विषदर्शकाचे आकडे नव्याने ठरणार होते. महिनाअखेरीस.

तिसऱ्या दिवशी सुवार्तांपुढे एक तक्ता आला. यंत्रानं आतापर्यंतच्या वेचणीतून काढलेला कच्चा निष्कर्ष. खिरवाडीत घोणस चावलेल्या एक्केचाळीस रुग्णांना चार किंवा त्याहून कमी कुप्या दिल्या गेल्या आणि तरी त्यांचा शेवटचा शेरा 'सुधारणा' असा आहे. यावरून पहिला डोस दहाऐवजी पाच कुप्यांचा पुरेसा दिसतो.

सुवार्तांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

चार कुप्या दिल्या होत्या, कारण फ्रीजमध्ये चारच असायच्या. आणि ती माणसं सुधारली नव्हती.

त्यांनी ते एक्केचाळीस कागद एकापाठोपाठ उघडले. पिवळी चौकट प्रत्येकावर होती आणि एकाच जागी होती. शेवटच्या ओळीत वेळ लिहिलेली, ताप लिहिलेला, रक्तदाब लिहिलेला. नाडीचा रकाना कोरा.

त्या दवाखान्यात एक रीत होती. रुग्ण हातचा गेला असं दिसलं, की डॉक्टर वडागळे घरच्या कर्त्या पुरुषाला बाजूला घ्यायचे. धुगधुगी आहे तोवर घरी न्या, म्हणायचे. कारण सर्पदंशानं माणूस दवाखान्यात दगावला, की पोलीस, पंचनामा आणि तालुक्याला नेऊन चिरफाड. आणि मेलेल्या माणसाला घाट चढून गावी न्यायला जीपवाले तयार नसत. शेवटचं पाणी आपल्या उंबऱ्याआत, आपल्या माणसाच्या हातून पडावं, एवढीच त्या लोकांची इच्छा असे. म्हणून केसपेपरावर आणि सोबत द्यायच्या कार्डावर लिहायचं, 'प्रकृतीत सुधारणा, विनंतीवरून घरी सोडले.' ते कार्ड दाखवलं की जीप मिळायची. बायकांना यातलं काही सांगायचं नाही, कारण त्यांनी टाहो फोडला की जीपवाला पळे.

डॉक्टर बोलायचे, सिस्टर लिहायची. सुवार्ता पंचवीस वर्षांच्या होत्या. 'सुधारणा' हा शब्द त्यांनी सांगितल्याप्रमाणे लिहिला. पण मनगटाला बोटं लावून जी नाडी लागत होती, लागत नव्हती, तिच्या जागी बहात्तर लिहायला हात वळला नाही. तो रकाना त्यांनी मोकळा सोडला. नंतर तशी सवयच पडली.

यंत्राला कोऱ्या रकान्याचा अर्थ एकच ठाऊक होता, नोंद नाही.

शेवटून सहावा कागद त्यांनी उघडला आणि मिटला. नाव पट्टीखाली होतं, पण गाव होतं, वय होतं. पुरुष, तेवीस. गाव पाचघर. सोबत, पत्नी.

*

वेचणीच्या कामावर देखरेख करणारा अन्वर तांबोळी नाशिकला बसत असे. सालस माणूस. सुवार्तांनी त्याला फोन करून सगळं सांगितलं, फक्त शेवटून सहाव्या कागदाचं सोडून. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, की सिस्टर, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण यंत्राला विश्वास भरवता येत नाही. आठवणीवरून शेरे बदलायला लागलो, तर उद्या कुणीही काहीही बदलेल. नियम तुमच्या-माझ्यासाठीच केलाय.

"मग पाच कुप्या देऊन मारा माणसं," सुवार्ता म्हणाल्या.

तांबोळी रागावला नाही. एक वाट आहे, म्हणाला. कागदाच्या विरुद्ध साक्ष घेता येते. ज्यानं कागद लिहिला त्याची, आणि तेव्हा खरी गोष्ट ठाऊक असलेल्या घरच्या एका माणसाची. दोन्ही जुळल्या की तो एक कागद पक्का होतो. आणि एक पक्का झाला, की त्याच खुणेचे बाकीचे चाळीस यंत्र आपोआप बाजूला काढतं आणि निष्कर्ष थांबतो. "एक कागद, सिस्टर. एकच घर शोधा. घरच्यांशी बोलायचं परवानगीपत्र मी आज पाठवतो."

त्यांनी शोधलं नाही असं नाही. पाच दिवस त्या गाव-वयावरून माग काढत फोन करत होत्या. एका गावचं सगळं घर मुंबईला गेलं होतं, पत्ता नाही. एका घरी कर्ता पुरुष कधीच वारला होता आणि मुलगा म्हणाला, आमचा आजा बराच होऊन आला होता, तुम्ही कशाला उकरताय? चाळीस घरांपैकी कुठं दार लागलेलं, कुठं माणूस सरलेलं. ज्या पुरुषांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, ते पंचेचाळीस वर्षांत एकेक करून निघून गेले होते.

एक मात्र होता. पाचघरचा कोंडाजी धिंदळे, चांगुणाचा थोरला दीर. ऐंशीच्या पुढचा, पण खुटखुटीत.

आणि त्याच्याकडे जायचं तर चांगुणाला ओलांडून जाता येत नव्हतं.

चांगुणाची गोष्ट खिरवाडीत सगळ्यांना माहीत होती. एकोणीस वर्षांची असताना तिचा नवरा भाताच्या खाचरात घोणस चावून दवाखान्यात आला. तिसऱ्या दिवशी बरा झाला म्हणून घरी नेला. घरी तिनं त्याला पेज पाजली आणि दिवस मावळायच्या आत तो गेला. सासूनं आळीत ओरडून सांगितलं, की दवाखान्यानं बरा करून दिलेला लेक हिनं पेज पाजून मारला. कार्ड होतंच, 'सुधारणा' लिहिलेलं. तेराव्याच्या आत तिला बाहेर काढलं. माहेरही नव्हतं. ती परत त्याच दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसली आणि डॉक्टरांनी तिला आया म्हणून ठेवून घेतलं. का ठेवून घेतलं ते फक्त डॉक्टरांना आणि सुवार्तांना कळलं होतं.

तिला सांगायचं होतं. पहिल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, आता जखम भरतेय, उघडू नका. पाचव्या वर्षी सांगितलं असतं, तर आधी का नाही, हा प्रश्न आला असता. पंधराव्या वर्षी दोघी एकाच ताटात जेवायला लागल्या होत्या. मैत्री जितकी जुनी होत गेली, तितकं ते वाक्य जड होत गेलं. चांगुणानं त्या दिवसापासून पेजेला तोंड लावलं नव्हतं. आजारपणातसुद्धा. वॉर्डात पेजेचं पातेलं आलं की ती खिडकीशी जाऊन उभी राहायची. सुवार्ता ते बघायच्या आणि पेशंटची चादर नीट करायच्या.

*

रविवारी चांगुणा आली. चहाच्या टोपाला नावं ठेवून झाली, पायाचं दुखणं सांगून झालं. सुवार्तांनी टॅब तिच्यापुढे ठेवला.

चांगुणाला वाचता येत होतं. चाळिशीत शिकली होती, सुवार्तांनीच दुपारच्या निवांत वेळी टेबलाशी बसवून शिकवलं होतं. ती बोट ठेवून, ओठ हलवत वाचू लागली. गाव. वय. सोबत. चार कुप्या. दुसऱ्या दिवसापासून लघवी बंद.

मग सुवार्ता बोलल्या. इकडचं तिकडचं काही न लावता बोलल्या. विषानं मूत्रपिंडं बंद पडली होती. तो वाचणार नव्हता. पेज पाजली काय आणि न पाजली काय, त्याला ती संध्याकाळ दिसणारच नव्हती. डॉक्टरांनी तुझ्या दिराला व्हरांड्यात नेऊन तसं सांगितलं होतं. मी दारात उभी होते. कार्ड मी लिहिलं.

चांगुणा कागदाकडेच बघत होती.

"हा रकाना मोकळा का?" तिनं विचारलं.

"नाडीचा आहे. खोटी नाडी लिहवेना."

चांगुणानं मान वर केली. डोळ्यांत पाणी नव्हतं. "कागदाशी खोटं बोलवेना तुला," ती म्हणाली. "माझ्याशी बोलवलं."

 सुवार्ता माफी मागणार होत्या, तोंडात शब्दही जुळवलेला होता, पण तो त्यांना फार हलका वाटला.

मग चांगुणानं विचारलं, की हे आत्ताच का सांगितलंस. सुवार्तांनी विषदर्शकाचं सांगितलं, पाच कुप्यांचं सांगितलं, कोंडाजीच्या साक्षीचं सांगितलं. चांगुणा कडवट हसली. "म्हंजे यंत्राला गरज लागली म्हणून. माझ्यासाठी न्हाई."

"हो," सुवार्ता म्हणाल्या. "तुझ्यासाठी धीर झाला नसता."

चांगुणा उठली, पदर खोचला. दारातून म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. पण म्हाताऱ्याला कानात न्हाई विचारायचं. आळीपुढं विचारायचं. आळीपुढं मला काढली व्हती."

*

पाचघरला आवणी, भाताची लावणी, चालू होती. माणसं खाचरातून गुडघाभर चिखलानं उठून आली. कोंडाजी ओटीवर बसला होता. भावजयीला बघून त्यानं नुसती मान हलवली. आत या असं म्हणाला नाही.

सुवार्तांनी टॅब ओट्यावर ठेवला, परवानगीपत्र वाचून दाखवलं आणि आधी स्वतःची साक्ष दिली. मी सुवार्ता साळवे, या कागदावरचा शेवटचा शेरा माझ्या अक्षरातला आहे, यावर लिहिलेली सुधारणा खोटी आहे.  आळीतल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "ही तीच सिस्टर, गोरी व्हती तवा."

मग कोंडाजीला विचारलं. तो म्हणाला, डॉक्टरनं बरा म्हणून दिला, आम्ही बरा म्हणून आणला. बाकी मला ठावं न्हाई.

"तुम्ही विचारलं होतं, जीप घाटावर येईल का," सुवार्ता म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, कार्ड दाखवा म्हणजे येईल. तुमच्या हातात टोपी होती. तुम्ही ती पिळत होता."

 कोंडाजीचा मुलगा पुढं येऊन म्हणाला, की बाई, आमच्या म्हाताऱ्याला आता कशाला छळता, झालं ते झालं. सुवार्तांनी त्याला सांगितलं, की तुझी बायको आता या चिखलात उभी आहे. तिला उद्या काही चावलं, तर उपकेंद्रावरचं यंत्र या कागदावरून पाच कुप्या सांगेल. आणि या कागदावरच्या माणसाला चार दिल्या होत्या. त्याचं काय झालं, ते या घरात एकट्या तुझ्या बापाला माहीत आहे.

मुलगा बापाकडे वळला. खाचराच्या कडेला त्याची बायको, हातात रोपांची मूठ घेऊन, उभी होती.

चांगुणा अजूनपर्यंत अंगणाच्या कडेला होती. ती ओट्याजवळ आली. "दादा," ती म्हणाली, "मला शेत नको, घर नको. पेज मीच पाजली, पण तो कशानं गेला, येवढंच सांगा. मग मी जाते."

कोंडाजीनं डोळे मिटले. "आयेला काय तोंड दाखवलं असतं," तो म्हणाला. "नाशकाला नेला न्हाई, परत आणला, असं कसं सांगायचं व्हतं? ती म्हणली हिनं मारला, मी म्हणलं, म्हणू दे. दोन दिस म्हणंल. मग ती म्हणतच राह्यली, आन् म्या गप राह्यलो." मग टॅबकडे तोंड करून, जणू तिथंच कोणीतरी बसलंय असं, तो मोठ्यानं म्हणाला, "डॉक्टरनं मला सांगितलं व्हतं. हा वाचायचा न्हाई. माझा भाऊ पेजेनं गेला न्हाई."

टॅबनं बाईच्या आवाजात सांगितलं, की साक्ष नोंदवली आहे.

 मग कोंडाजीची सून चिखलाच्या पायांनीच अंगणात आली आणि चांगुणाच्या हाताला धरून तिला ओटीवर चढवू लागली. पाय धुते थांब, असं काहीतरी चांगुणा म्हणत होती. सून म्हणाली, राहू द्या, घर आपलंच आहे. त्या गर्दीत सुवार्तांचा टॅब कोणीतरी उचलून त्यांच्या हातात दिला.

*

परतीची गाडी तीनला होती. फाट्यावरच्या दगडावर सुवार्ता बसल्या होत्या, तेव्हा तांबोळीचा फोन आला. आनंदात होता. एक्केचाळीसही कागद बाजूला निघाले. पाच कुप्यांचा निष्कर्ष थांबला, दहा कायम. त्याखेरीज आणखी दोन जुन्या दवाखान्यांच्या गठ्ठ्यांत असे कोरे रकाने सापडतात का, ते आता यंत्र स्वतः तपासणार होतं. तुम्ही फार मोठं काम केलंत, सिस्टर, तो म्हणाला. घरी जाऊन छान जेवा.

चांगुणा बांधावरून येताना दिसली. धापा टाकत होती. सुवार्तांनी तिला दहा कुप्यांचं सांगितलं. तिनं ऐकलं, बरं झालं म्हणाली. 

"माझं लुगडंबिगडं खोलीवरच हाय," चांगुणा म्हणाली. "थोरल्याचा पोरगा येऊन घिऊन जाईल. आवणी सरंपोतर इथंच राहते. हाताला हात लागंल म्हणतात."

"आणि आवणी सरल्यावर?"

 चांगुणा पायाला लागलेला चिखल दुसऱ्या पायानं काढत राहिली. "सिस्टर," ती शेवटी म्हणाली, "मला तुझा राग येत न्हाई, आसं मी म्हणणार न्हाई. रोज जरा जरा येईल. किती दिस येतो ते बघू दे."

गाडी आली. सुवार्ता चढल्या, खिडकीची जागा मिळाली. त्यांनी काच सरकवून हात बाहेर काढला. पण तेवढ्यात खालच्या खाचरातून कुणीतरी हाक मारली, "काकी, ओ काकी, मूठ घेऊन या!" त्या घरात चांगुणाला त्या नात्यानं हाक मारलेली कुणी ऐकली नव्हती. तिला स्वतःलाही ती पटकन ओळखू आली नाही. मग आली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती बांध उतरू लागली आणि उतरता उतरता तिनं मोठ्यानं ओ दिली.

सुवार्तांनी हात आत घेतला. कंडक्टर येऊन उभा होता. कुठलं तिकीट हवं ते त्याला सांगायला त्यांना थोडा वेळ लागला.